पडद्यावरील चित्र का अडखळते?

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत इलेक्ट्रॉनिक सिटी वसलेली आहे. कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने, म्हणजेच ‘किओनिक्स’ने, १९७८ साली कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या दोन गावांतील ३३२ एकर जमिनीवर या वसाहतीची पायाभरणी केली. महामंडळाचे पहिले प्रमुख आर. के. बालिगा यांची ही कल्पना. पुढे संगणक व्यवसायाने येथे मूळ धरले आणि पुणे, सांगली, सोलापूर, बेळगाव येथून शिकून आलेली असंख्य मराठी मुलेमुली येथील उंच इमारतींतून स्थायिक झाली. दिवाळी आटोपली की त्यांचे निवृत्त आईवडील महिना-दोन महिने मुलांकडे राहावयास येतात. आणि नेमका नोव्हेंबर हाच निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला सादर करण्याचा महिना असतो.

पूर्वी या एका दाखल्यासाठी गावी परतावे लागे किंवा ओळखीची शाखा शोधत फिरावे लागे. २०२१ पासून काही सार्वजनिक बँकांनी व्हिडिओ कॉलवरून हयातीचा दाखला स्वीकारण्याची सोय केली. अधिकारी पडद्यावर दिसतो, पॅनकार्ड दाखवावयास सांगतो, चार अंक वाचून घेतो, छायाचित्र टिपतो आणि काम संपते. निदान संपावयास हवे. प्रत्यक्षात पुष्कळदा असे होते, की आजोबा कार्ड वर धरतात आणि चित्र गोठते. आवाज तुटक येतो. अधिकाऱ्याचा प्रश्न पोचेपर्यंत आजोबा आधीच्या प्रश्नाचे उत्तर देत असतात. दोन-तीन वेळा कॉल तुटला की त्यांचा धीर सुटतो, कारण दाखला वेळेत न पोचल्यास डिसेंबरपासून निवृत्तिवेतन थांबते, हे त्यांस पक्के ठाऊक असते. मग ते जो प्रश्न विचारतात तो अगदी रास्त आहे. “याच मोबाइलवर काल संपूर्ण क्रिकेट सामना स्वच्छ पाहिला. मग बँकेची पाच मिनिटे का निभत नाहीत?”

या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर इंटरनेटवरून चित्र कसे प्रवास करते, हे थोडे तपशिलाने पाहावे लागेल.

चित्राची खतावणी

पडद्यावरील चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची चौकट. १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचे एक चित्र, प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदास २५ चित्रे असा हिशेब केला, तर दर सेकंदास सुमारे ५५ कोटी बिट पाठवावे लागतील. एवढा भार बहुतेक घरगुती जोडण्यांस पेलणारा नाही. प्रत्यक्षात व्हिडिओ कॉल सेकंदाला १५ लाख बिटच्या आसपास भागतो. ही किमया संक्षेपणाची होय.

आम्हां बँकेच्या लोकांस ही युक्ती परकी वाटू नये. खातेवहीत आपण रोज सर्व खात्यांचा आरंभापासूनचा इतिहास पुन्हा लिहीत नाही. आरंभीची शिल्लक एकदा लिहितो आणि त्यापुढे केवळ जमा-नावेच्या नोंदी करतो. व्हिडिओचेही तसेच आहे. एक संपूर्ण चित्र पाठविले जाते, आणि त्यानंतरच्या चित्रांसाठी ‘आधीच्यापेक्षा काय बदलले’ एवढीच नोंद जाते. ओठ हलले, पापणी लवली, बाकी भिंत जशीच्या तशी. २००३ मध्ये प्रमाणित झालेली ‘एच.२६४’ ही संक्षेपणपद्धती अद्यापही सर्वत्र वापरात आहे, आणि तिचे मर्म हेच आहे.

मात्र अशा खातेवहीत मधली एक नोंद गहाळ झाली, तर पुढची प्रत्येक शिल्लक चुकते. पडद्यावर चेहऱ्याचे चौकोनी तुकडे पडतात, हात हलला की त्याची छटा मागे रेंगाळते, याचे कारण हेच. पुन्हा एक संपूर्ण चित्र येईपर्यंत, म्हणजे शिलकेचा मेळ नव्याने बसेपर्यंत, हा गोंधळ निस्तरत नाही. पूर्ण चित्रे वारंवार पाठविल्यास गोंधळ लवकर निस्तरतो खरा, परंतु भार वाढतो. काटकसर आणि सुरक्षितता यांची ही ओढाताण कोणत्याही हिशेबनिसास ओळखीची वाटेल.

होसूर रस्त्यावरून

या नोंदी छोट्या छोट्या पॅकेटांत भरून धाडल्या जातात. वर सांगितलेल्या कॉलमध्ये दर सेकंदास साधारण दीडशे पॅकेटे निघतात. प्रत्येकावर पत्ता आणि अनुक्रमांक असतो. वाटेवरील प्रत्येक चौक त्यास पुढचा मार्ग दाखवितो. चौकात गर्दी असेल तर पॅकेट रांगेत थांबते, आणि रांग फारच लांबली तर चक्क टाकून दिले जाते. इंटरनेटची घडणच अशी आहे. ते प्रयत्न करते, हमी देत नाही.

इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणाऱ्यांस हे समजावून सांगण्याची गरज नसावी. सिल्क बोर्ड चौकातून येथे पोचण्यास किती वेळ लागतो, या प्रश्नाचे उत्तर ‘कधी निघता’ यावर अवलंबून असते. जानेवारी २०१० मध्ये सुमारे १० किलोमीटरचा उन्नत मार्ग खुला झाला, तेव्हा रस्त्याची रुंदी वाढली. ती म्हणजे आपण ज्यास बँडविड्थ म्हणतो ती. परंतु उन्नत मार्गावर पोचण्यापूर्वीचा चौक तुंबलेला असेल, तर रुंदीचा उपयोग काय? ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. मेट्रो नेहमीच मोटारीपेक्षा जलद असते असे नाही, पण किती वेळ लागेल हे आधी सांगता येते. व्हिडिओला वेगाइतकीच, किंबहुना अधिक, गरज या निश्चिततेची असते. एक पॅकेट ३० मिलिसेकंदांत आणि पुढचे २०० मिलिसेकंदांत पोचत असेल, तर सरासरी चांगली असूनही चित्र अडखळते. तंत्रज्ञ या दोषास ‘जिटर’ म्हणतात.

अंतराचा दोष मात्र सहसा नसतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. बंगळूर ते मुंबई हे हजारेक किलोमीटरचे अंतर तो ५ मिलिसेकंदांत कापतो. वेळ जातो तो चौकांत. एके काळी तर दोन भारतीय सेवादात्यांमधील पॅकेटे परदेशाला वळसा घालून येत. २००३ मध्ये ‘निक्सी’ ही देवाणघेवाण केंद्रांची संस्था स्थापन झाली, तेव्हापासून देशातील वाहतूक देशातच वळविण्याची व्यवस्था लागली.

सामना स्वच्छ का दिसतो?

आता आजोबांच्या सामन्याकडे वळू. १० जुलै २०१९ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत भारत-न्यूझीलंड सामना हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख जणांनी पाहिला. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अंतिम सामन्यास हा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. त्याच वर्षी २३ ऑगस्ट रोजी बंगळूरच्या नियंत्रणकक्षातून चंद्रयान-३ चे अवतरण थेट दाखविले गेले, तेव्हा इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एका क्षणी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक हजर होते.

दूरचित्रवाणीच्या दृष्टीने हे आकडे मोठे नाहीत. उपग्रह एकदाच प्रक्षेपण करतो आणि खाली किती तबकड्या आहेत याची त्यास फिकीर नसते. २००४ साली सोडलेल्या ‘एज्युसॅट’ उपग्रहाचा आरंभीचा प्रयोग बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठासाठी झाला, तो याच तत्त्वावर. एक व्याख्याता बोले आणि दूरदूरच्या महाविद्यालयांत तेच व्याख्यान एकदम उतरे. इंटरनेटवर मात्र प्रत्येक प्रेक्षकास स्वतंत्र प्रत द्यावी लागते. पाच कोटी प्रेक्षक म्हणजे पाच कोटी प्रती.

हे साधते ते दोन उपायांनी. पहिला म्हणजे प्रत ग्राहकाच्या जवळ नेऊन ठेवणे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील टॉम लेटन आणि डॅनी ल्युइन यांनी १९९८ साली ‘अकामाई’ ही कंपनी काढली, ती याच कल्पनेवर. मुख्य भांडारातील माल गावोगावच्या कोठारांत आगाऊ पोचविला, की गिऱ्हाइकास मुख्य भांडाराची वाट धरावी लागत नाही. दुसरा उपाय अधिक चतुर आहे. सामन्याची चित्रफीत काही सेकंदांच्या तुकड्यांत कापतात आणि प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत तयार ठेवतात. आपला मोबाइल स्वतःच जोडणीचा अंदाज घेऊन पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागावा हे ठरवितो. २००९ मध्ये ॲपल कंपनीने ही पद्धत आणली आणि २०१२ मध्ये ‘डॅश’ या नावाने तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाणही तयार झाले. जोडणी मंदावली की चेंडू किंचित धूसर दिसतो, पण सामना थांबत नाही.

आणि या दोहोंच्या मागे एक तिसरी गोष्ट आहे, जिच्याकडे आपले लक्षच जात नाही. आपण सामना उशिरा पाहत असतो. मोबाइलने पुढचे काही तुकडे आधीच आणून साठविलेले असतात. वाटेत एखादे पॅकेट हरवले तरी ते पुन्हा मागवावयास पुरेसा अवधी असतो. शेजारच्या घरातील दूरचित्रवाणीसमोर जल्लोष होतो आणि आपल्या मोबाइलवर गोलंदाज अजून धावत असतो, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. अर्धा मिनिट उशीर पत्करून विकत घेतलेली ही स्वच्छता आहे.

संभाषणास उसंत नसते

दोन माणसांच्या बोलण्यात ही अर्ध्या मिनिटाची उसंत कोठून आणावी? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर संभाषण सहज चालते. त्यापलीकडे दोघेही एकदम बोलू लागतात आणि एकदम थांबतात.

इलेक्ट्रॉनिक सिटीस हा धडा जुना आहे. १९९१ मध्ये येथे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कचे काम सुरू झाले आणि उपग्रहाच्या तबकड्यांनी येथील कंपन्या परदेशी ग्राहकांशी जोडल्या गेल्या. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येण्यासच पाव सेकंद लागे, उत्तर येईपर्यंत अर्धा. संगणकाच्या आज्ञावल्या पाठविण्यास ते चालून गेले, गप्पांस नव्हे. पुढे समुद्राखालील काचतंतूंची जोडणी विपुल झाल्यावर चित्र पालटले. अमेरिकन पत्रकार थॉमस फ्रीडमन यांच्या ‘द वर्ल्ड इज फ्लॅट’ या २००५ च्या पुस्तकाच्या आरंभी इन्फोसिसच्या येथील आवारातील भव्य पडद्याच्या परिषदगृहाचे वर्णन आहे. नंदन निलेकणी यांनी ते त्यांस दाखविले होते. मोठ्या कंपन्या अशा सभांसाठी राखीव वाहिन्या भाड्याने घेत असत. घरगुती ग्राहकाच्या वाट्यास येतो तो सार्वजनिक रस्ता.

या रस्त्यावरून पॅकेटे पाठविण्याच्या दोन रीती आहेत. एक रजिस्टर्ड ए.डी.सारखी, प्रत्येक पत्राची पोचपावती घ्यावयाची, न आल्यास पुन्हा पाठवावयाचे. टपाल खात्याने ही सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन केली, परंतु संगणकांमध्ये ती अद्याप जोमाने चालू आहे आणि तिचे नाव ‘टीसीपी’. आपले पैशांचे सर्व व्यवहार याच रीतीने जातात. तेथे एकही अंक गहाळ होऊन चालत नाही. दुसरी रीत साध्या टपालाची, ‘यूडीपी’ नावाची. पत्र टाकले आणि पुढे चालू लागले. व्हिडिओ कॉलसाठी मुख्यतः ही दुसरी रीत वापरतात, हे वाचून काहींस धक्का बसेल. पण विचार करता ते पटते. अर्ध्या सेकंदापूर्वीच्या ओठांच्या हालचालीची प्रत आता मागवून काय उपयोग? तोवर बोलणे पुढे गेलेले असते.

म्हणून अशा कॉलमध्ये भरवसा मिळवावयाचा तो त्यागाने. जोडणी अशक्त झाली, की आज्ञावली प्रथम चित्राचा दर्जा उतरविते, मग सेकंदागणिक चित्रांची संख्या घटविते, अगदी शेवटी चित्र गोठविते; परंतु आवाज होता होईल तो सांभाळते. आवाजास सेकंदाला ३० ते ५० हजार बिट पुरतात, चित्राच्या तुलनेत चिमूटभर. घरच्या माणसांशी बोलताना हा प्राधान्यक्रम अगदी योग्य आहे. नातवाचा चेहरा धूसर दिसला तरी त्याचा आवाज आला की आजीचे समाधान होते.

बँकेची मागणी निराळी

येथेच बँकेचे घोडे अडते. रिझर्व्ह बँकेने ९ जानेवारी २०२० रोजी व्हिडिओद्वारे ग्राहकओळख पटविण्यास, म्हणजे ज्यास आपण व्हिडिओ केवायसी म्हणतो त्यास, मान्यता दिली आणि १० मे २०२१ रोजी तिची व्याप्ती वाढविली. या पद्धतीत बँकेचा प्रशिक्षित अधिकारीच समोर असावा लागतो, ग्राहक भारतातच असल्याची स्थाननोंद घेतली जाते आणि संपूर्ण संभाषण दिनांक-वेळेसह ध्वनिचित्रमुद्रित करून जपावे लागते. हे मुद्रण म्हणजे पुरावा आहे. पॅनकार्डावरील अक्षरे वाचता आली पाहिजेत, चेहरा छायाचित्राशी ताडता आला पाहिजे. म्हणजे संभाषणासारखी तत्परता हवी आणि सामन्यासारखी स्वच्छताही हवी. उसंत घ्यावयाची सोय नाही आणि चित्राचा त्यागही परवडत नाही. हयातीच्या दाखल्याच्या कॉलची अडचणही याच जातीची आहे.

नियमही त्यास साजेसे काटेकोर आहेत. व्हिडिओ केवायसीत मध्येच चित्र थबकले, पण मुद्रणाची फीत एकसंध राहिली, तर पुन्हा आरंभ करावा लागत नाही. कॉल तुटला, तर मात्र सर्व नव्याने करावे लागते. ग्राहकांस हा छळ वाटतो. माझ्या मते तो छळ नव्हे. तुकड्यातुकड्यांनी जोडलेल्या फितीत मधल्या वेळी कॅमेऱ्यासमोर दुसराच कोणी बसला नव्हता, याची ग्वाही कोण देणार?

आणखी एक फरक आजोबांच्या ध्यानात आलेला नसतो. सामना पाहताना माल आपल्याकडे येतो. बँकेच्या कॉलमध्ये तो आपल्याकडून जातो. अधिकाऱ्याचा चेहरा आपल्यास कसा दिसतो यास फारसे महत्त्व नाही. आपला चेहरा त्यास कसा दिसतो यावर सारे अवलंबून असते. आणि बहुतेक मोबाइल जाळ्यांत पाठविण्याच्या दिशेस वाटा कमी दिलेला असतो. वेगाची जाहिरात असते ती बहुधा येण्याच्या दिशेची. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ किलोबिट ठरला होता, जानेवारी २०२३ मध्ये तो २ मेगाबिट झाला. हे दोन्ही आकडेही येण्याच्या दिशेचेच. तेव्हा वेगमापक उपयोजनात ‘अपलोड’चा आकडा पाहावा. तो सातत्याने २ मेगाबिटच्या वर असेल, तर सहसा अडचण येऊ नये.

घरातल्या घरात करण्याजोगे

निम्मी वाट आपल्या घरातच असते. राउटर दिवाणखान्यात आणि आजोबा आतल्या खोलीत, मध्ये दोन काँक्रीटच्या भिंती, अशा स्थितीत बाहेरची जोडणी कितीही सशक्त असो, उपयोग नाही. राउटरच्याच खोलीत बसावे. त्या दहा मिनिटांत घरातील इतर मोबाइलांची छायाचित्रे आपोआप साठविण्याची क्रिया थांबवावी; ती नेमकी पाठविण्याचीच दिशा तुंबविते, आणि आपला चेहरा त्या छायाचित्रांमागे रांगेत उभा राहतो. उंच मजल्यांवर मोबाइलची खूण भरघोस दिसूनही जोडणी डळमळते, कारण तेथे अनेक मनोऱ्यांचे संकेत एकाच वेळी पोचून एकमेकांस बाधा आणतात. अशा ठिकाणी घरच्या वायफायवर विसंबणे बरे.

प्रकाशाचा संबंध केवळ दिसण्याशी नाही. अंधूक उजेडात कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक कण वळवळतात आणि संक्षेपणास तो प्रत्येक कण ‘बदल’ भासतो. मागे फिरणारा पंखा, हलणारा पडदा यांच्याही नोंदी होत राहतात. मर्यादित बिट अशा निरर्थक नोंदींवर खर्ची पडले, की चेहऱ्यासाठी उरतात थोडे. खिडकीकडे तोंड, पाठीमागे कोरी भिंत, एवढ्याने त्याच जोडणीत चित्र लक्षणीय सुधारते. पॅनकार्ड हातात स्थिर धरावे, पुढेमागे हलवू नये. तीन-चार सेकंदांत ते आपसूक स्पष्ट होते.

इलेक्ट्रॉनिक सिटीतील घरांत आढळणारी एक खास अडचणही सांगावयास हवी. मुलगा किंवा सून मोठ्या कौतुकाने आपल्या कंपनीचा लॅपटॉप आईवडिलांपुढे ठेवतात. कंपनीच्या सुरक्षित जाळ्यातून, म्हणजे व्हीपीएनमधून, जाणारी वाहतूक कित्येकदा परदेशातील केंद्रातून बाहेर पडते. भारताबाहेरील इंटरनेट पत्त्यावरून व्हिडिओ केवायसी होऊ देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. खातेदार बंगळुरात बसलेला असूनही प्रणाली त्यास परदेशस्थ समजते आणि दार बंद करते. अशा वेळी जोडणीत दोष शोधत बसू नये. साधा वैयक्तिक मोबाइल घ्यावा. कॉलचा दुवाही बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा उपयोजनातूनच उघडावा. पडद्याचे नियंत्रण मागणारा किंवा ओटीपी विचारणारा माणूस बँकेचा नव्हे, मग चित्र कितीही स्वच्छ असो.

एवढे करूनही कॉल टिकला नाही, तर हयातीच्या दाखल्यासाठी दुसरी वाट मोकळी आहे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ योजनेत २०२१ च्या नोव्हेंबरपासून मोबाइलवर चेहरा पडताळण्याची सोय झाली आहे. तेथे समोर अधिकारी नसतो आणि संभाषणही नसते. टिपलेल्या चेहऱ्याची माहिती आधारच्या यंत्रणेकडे जाते, म्हणजे आपल्या परिभाषेत रजिस्टर्ड पत्रच. जोडणी मंद असेल तर ते थोडे उशिरा पोचते, पण पोचते. ८० वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांस हा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. त्यांनी दिवाळीची वाट न पाहता गावाहून निघण्यापूर्वी, आपल्या नेहमीच्या शाखेतच, ते काम उरकून घ्यावे.